शिवणीत गेलेला रकाना

निवृत्तीला महिना उरला तेव्हा विभागानं मला खोली रिकामी करायला सांगितली. पुस्तकं दोन दिवसांत हलली. घोडं अडलं ते कार्डांपाशी. बुटांची अकरा खोकी आणि त्यांत तळहाताएवढी, जाड कागदाची कार्डं, सगळी पेन्सिलीनं भरलेली. एक काढायचं, वाचायचं, चष्मा पुसायचा आणि परत जागच्या जागी ठेवायचं, असं रोज चाललं होतं. शिपाई दारातून डोकावून विचारायचा, झालं का बाई, आणि मी त्याच्यावर खेकसायची. राग माझ्या नाकावर असतो हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे.

त्या कार्डांवर मुली आहेत. दीडशे वर्षांपूर्वी, परक्यांच्या अमलात, सरकारनं बंदरापाशी एक निवारागृह काढलं होतं. अनाथ, हरवलेल्या, टाकून दिलेल्या मुली तिथं आणून ठेवायचे. सोळाच्या आतली असेल तर ती निवाऱ्यात राहायची. सोळाची असली की तिला जहाजात बसवून समुद्रापलीकडच्या मळ्यांवर मजुरीला धाडता यायचं. जन्माचे दाखले कुणाकडेच नव्हते. म्हणून एक डॉक्टर यायचा, मुलीचे दात मोजायचा, मनगट चाचपायचा आणि वय लिहायचा. तीनशे सात मुलींपैकी एकशे ब्याण्णव जणी नेमक्या सोळाच्या निघाल्या. मळ्यांना माणसं कमी पडायला आणि पोरींनी मोठं व्हायला अगदी एकच गाठ पडली म्हणायची.

हे मी शोधून काढलं. आज या विषयाला वय, लिंगभाव आणि वसाहतवाद असं भारदस्त नाव आहे, त्यावर परिषदा भरतात, चहाबरोबर बिस्किटं मिळतात. तेव्हा आमचे विभागप्रमुख म्हणाले होते, राजे, तह, लढाया सोडून पोरींचे दात मोजण्यात कसला आलाय इतिहास. मी म्हटलं, सर, मोजले सरकारनं, मी नुसती पडताळणी करतेय. त्या उत्तरापायी माझी बढती चार वर्षं लांबली. त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

निवारागृहाचं रजिस्टर दुसऱ्या शहरातल्या दफ्तरखान्यात होतं. मला परवानगी मिळाली ती अकरा दिवसांची. माझी मुलगी सात महिन्यांची, अंगावर पिणारी, म्हणून आई बरोबर आली. स्टेशनजवळच्या लॉजवर आम्ही एक खोली घेतली. सकाळी दहाला आई नातीला मांडीवर घेऊन दफ्तरखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसायची आणि मी आत जायची. दर दोन तासांनी बाहेर यायचं, पोरीला पाजायचं, हात धुऊन कोरडे करायचे आणि पुन्हा आत. आत शाईला बंदी होती. पेन्सिलींना टोक काढायचं काम आईनं आपणहून घेतलं होतं. ब्लेडनं ती इतकं अणकुचीदार टोक काढायची की कार्डाला भोक पडायचं. लांब टेबलं, पिवळट काचा, हलवल्यावर कुरकुरणाऱ्या खुर्च्या, आणि बाहेरून मधूनच माझ्याच लेकीचं रडणं. डोळे मिटले की सगळं जसंच्या तसं दिसतं. त्या अकरा दिवसांइतकी सुखी मी पुढं फार थोड्या वेळा झाले.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर आई विचारायची, आज किती पोरी भेटल्या. मी म्हणायची एकोणतीस, नाहीतर पस्तीस. मग ती एकेकीची चौकशी करायची. कुठल्या गावची, कुणाबरोबर आली, पुढं काय झालं तिचं. आई चार यत्ता शिकलेली, पण त्या मुलींची मांडणी तिच्या डोक्यात माझ्यापेक्षा पक्की होती. कालची ती घाटाखालची, तिची बहीण सापडली का गं, असं ती भाजी निवडताना विचारावं तसं विचारायची.

नावं डॉक्टरानं आपल्या कानाला ऐकू आली तशी लिहिलेली होती, म्हणजे वाट लावलेली होती. म्हणून मी कार्डांना क्रमांक दिले. रजिस्टरात रकाने होते नाव, गाव, दात, मनगट, वय आणि शेरा. मुलीनं स्वतः सांगितलेलं वय, असा रकाना नव्हता. मी पुस्तकाची सुरुवातच त्यावरून केली. ‘त्यांना त्यांचं वय कुणीच विचारलं नाही.’ एवढंच वाक्य. ते मी लॉजच्या जिन्यावर बसून लिहिलं होतं, आत लेक झोपली होती म्हणून.

त्या वाक्यानं मला काय दिलं नाही! परीक्षेत ते ‘चर्चा करा’ म्हणून येतं. मोर्च्यांत ते पाटीवर येतं. एकदा एका मुलीच्या कापडी पिशवीवर छापलेलं बघितलं आणि बसमध्ये उगाचच तिला बसायला जागा दिली. आणि पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण दोनशे चौदाव्या मुलीचं. तिच्यापुढं डॉक्टरानं लिहिलं होतं, अठ्ठावीस दात, सोळा वर्षं, शेरा ‘शांत’, रवाना. त्या ‘शांत’ या एका शब्दावर मी तीस पानं उभी केली. हिला आवाज नाही, हिचं मौन हाच हिचा पुरावा, वगैरे. आमच्या धंद्यात याला विश्लेषण म्हणतात.

आता मुंगीविषयी सांगते. ती माझी शेवटची विद्यार्थिनी. स्वतःहून मोठं ओझं पाठीवर घेऊन भिंतीच्या कडेकडेनं चालते, म्हणून मुंगी. ते नाव मीच ठेवलं आणि आता तिची आईसुद्धा फोनवर मुंगी आहे का म्हणून विचारते. तिचा प्रबंध माझ्याच रजिस्टरावर, माझ्याच वाक्यापासून पुढं जाणारा. साडेचार वर्षं झाली होती. महिनाअखेरीला ती तो सादर करणार, आणि त्याच आठवड्यात माझं निरोपाचं व्याख्यान.

खोली आवरायच्या नावाखाली मी तिचं तिसरं प्रकरण तपासत होते. तळटीपांत पानांचे आकडे चुकलेले. एक नाही, दोन नाही, सगळे. दोनशे चौदावी माझ्या हिशेबानं एकशे आठव्या पानावर, हिनं लिहिलंय एकशे तेवीस. मी तिला फोन केला नाही. रागाच्या भरात माणसानं फोन करू नये एवढी अक्कल आता आली आहे. त्याऐवजी मी लाल पेन घेतलं आणि पहाटेची गाडी पकडून थेट दफ्तरखाना गाठला, तिला तिची चूक पुराव्यानिशी दाखवायला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुरुस्ती विभागात आता एक बाई आहेत. शिवण उसवणं, पानं धुणं, पुन्हा बांधणं, सगळं त्याच करतात. मागणीच्या चिठ्ठीवरचं माझं नाव त्यांनी बघितलं आणि त्या आदरानं उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुमचं रजिस्टर मागच्या वर्षी स्कॅनिंगसाठी उसवलं. तीन रजिस्टरं एकात बांधलेली होती, बाजूनं भोकं पाडून शिवलेली. सुटी केल्यावर आम्ही पानांना नवे आकडे घातले. म्हणजे मुंगीचे आकडे बरोबर होते. मी मनातल्या मनात लाल पेनाला टोपण घातलं.

पण त्या पुढं म्हणाल्या, "तुमची विद्यार्थिनी आठ दिवस ह्याच्यावरच बसली होती की. तुम्हाला सांगितलं असेलच, आत काय निघालं ते."

मी म्हटलं, हो, सांगितलंय. का खोटं बोलले ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी पेटी उघडून पानं माझ्यापुढं ठेवली.

नोंदी नेहमी उजव्या पानावर असायच्या. त्या पानाची डावीकडची दोन बोटं रुंदीची पट्टी आजवर शिवणीत गेलेली होती. आता ती मोकळी झाली होती, भोकांच्या ओळीसकट. तिथं एक रकाना होता. वरती शीर्षक, ‘मुलगी सांगते ते’. अक्षर डॉक्टराचं नव्हतं, कुणा इथल्याच कारकुनाचं होतं, बारीक, आपल्या भाषेत. डॉक्टराला ती भाषा वाचता येत नसावी, किंवा वाचायची नसावी. प्रत्येक मुलीपुढं काही ना काही लिहिलेलं. मी चार-पाच पानं वाचली. मग पेटी मिटली. एकशे तेवीसवं पान मी उघडलंच नाही. एवढी तीस पानं लिहिणारी मी, पण धीर झाला नाही.

त्यांना विचारलं होतं. प्रत्येकीला विचारलं होतं.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि मला सगळं आठवत गेलं, जे मी अडतीस वर्षं आठवू दिलं नव्हतं. शिवणीच्या कडेला अक्षरांची टोकं दिसत होती. एखादा काना, एखाद्या वेलांटीचं शेपूट. मी ते अनुक्रमांक समजले. समजले म्हणजे, तसं मानून घेतलं. चौथ्या दिवशी तिथले जुने बाइंडरकाका माझ्या टेबलापाशी आले होते. पान वाकवून मी आत डोकावतेय हे त्यांनी बघितलं असावं. "बाई, शिवण सैल करून देऊ का," ते म्हणाले होते. "दोन दिवस लागतील." माझ्याकडे सात दिवस होते, लेकीला ताप होता, आणि वाक्य आधीच लिहून झालं होतं. मी नको म्हटलं. वर हसून म्हटलं, काका, आत नुसते आकडे आहेत.

आणि आई. त्याच रात्री ते वाक्य मी तिला मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं होतं. ती पोरीच्या कपाळावर पट्टी ठेवत होती. म्हणाली, "विचारलं असेल की गं कुणीतरी. माणूस समोर आलं की पहिलं तेच तर विचारतात, वय काय नि घर कुठलं." मी म्हटलं, आई, तुला यातलं काही कळत नाही. ती पट्टी पिळायला उठली. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. गाडीत इतके लोक होते तरी मी रडले, आणि समोरच्या गृहस्थांनी काही न विचारता खिडकीची काच अर्धी खाली केली.

दुसऱ्या दिवशी मुंगीला खोलीवर बोलावलं. ती आली ती पाठीवरचं ओझं न उतरवताच उभी राहिली. टेबलावर तिच्या प्रकरणाशेजारी दफ्तरखान्याची कालची पावती मी मुद्दाम ठेवली होती. तिनं ती बघितली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

मी विचारलं कधीपासून माहीत आहे. म्हणाली आठ महिने. मग प्रबंधात का नाही.  म्हणाली, तिनं तो रकाना सगळाच्या सगळा उतरवून घेतलाय, तीनशे सातच्या तीनशे सात. पण तो वापरला तर पहिल्याच पानावर बाई चुकल्या असं लिहावं लागेल. तिनं तीनदा तसं लिहून बघितलं आणि तीनदा फाडलं. तिला या विषयात आणलं मी, शिष्यवृत्ती मिळवून दिली मी, तिचे वडील आजारी होते तेव्हा दवाखान्यात जाऊन बसले मी. म्हणून तिनं प्रकरण फिरवून फिरवून असं लिहिलं की त्या रकान्याचं नावच निघू नये.

"मग कधी सांगणार होतीस?"

"तुम्ही आहात तोवर नाही," ती म्हणाली.

"म्हणजे मी मरायची वाट बघणार होतीस."

"तसं नाही हो, बाई," असं म्हणून ती रडायला लागली, आणि मला एकाच वेळी हसू आलं आणि जीव कासावीस झाला. त्या रकान्याला डॉक्टरानं वाचलं नाही, मी वाचलं नाही. आता हिनं आठ दिवस बसून अक्षर न् अक्षर वाचलं होतं आणि माझ्या प्रेमापोटी पुन्हा झाकून ठेवलं होतं. शिवण माझीच होती. फक्त दोरा नवा होता.

मी तिला बाइंडरकाकांचं सांगितलं. दोन दिवसांचं, आकड्यांचं, सगळं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नाही. तिनं डोळे पुसले आणि लगेच संशोधकासारखं विचारलं, काकांनी कितव्या दिवशी विचारलं होतं. मला तेव्हा तिचा फार अभिमान वाटला. मी म्हटलं, चौथ्या. तळटीपेत घाल.

मग आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत बसलो. मी तिला म्हटलं, तू घाबरलीस म्हणून तुला पुढचं दिसलं नाही. माझ्या पुस्तकात सरकारनं विचारलं नाही, म्हणून चुकलं. तुझ्या रकान्यात सरकारनं विचारलं, लिहून घेतलं आणि शेजारी सोळा लिहिलं. यातलं मोठं पाप कुठलं? तिनं मान वर केली. साडेचार वर्षांत ती पहिल्यांदा पाठीवरची पिशवी काढून खुर्चीत नीट टेकून बसली. प्रबंधाला सहा महिने वाढवून घ्यायचे आणि पहिलं पान नव्यानं लिहायचं असं ठरलं. त्याची पहिली ओळ माझं वाक्य, आणि दुसरी ओळ ते खोटं असल्याची.

आमचा आताचा विभागप्रमुख माझाच जुना विद्यार्थी. त्याला कळलं तेव्हा तो चहा घेऊन आला. म्हणाला, मॅडम, व्याख्यानाला पाचशे माणसं येणार, पाहुणे येणार, पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. प्रबंधात येईल तेव्हा येईल, तुम्ही कशाला स्वतःच्या तोंडानं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याचा हेतू चांगला होता. मी म्हटलं, अरे, माझी मूठ असती तर झाकली असती. आत तीनशे सात जणींची बोटं आहेत. तो चहा तसाच ठेवून गेला.

शुक्रवारी सभागृह भरलं. मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत माझंच वाक्य लावलं होतं, फुलांच्या नक्षीत. लेक पहिल्या रांगेत होती, शेजारी तिची स्वतःची मुलगी, आता तेरा वर्षांची. मी उभी राहिले. चाळीस वर्षं वर्गात बोलले, पण माझ्याच विरुद्ध साक्ष द्यायची पहिलीच वेळ. मी म्हटलं, मागं जे लिहिलंय ते चूक आहे. कशी चुकले ते सांगितलं. मला माहीत नव्हतं असं म्हणण्याची फार इच्छा झाली, पण नाही म्हटलं. दोन दिवस लागणार होते आणि मी ते दिले नाहीत, एवढंच म्हटलं. आईनं काय म्हटलं होतं तेही सांगितलं, आणि ती बरोबर होती हेही. लेक माझ्याकडे एकटक बघत होती. ते अकरा दिवस तिच्याही आयुष्यातले होते, तिला आठवत नसले तरी.

मग मी म्हटलं, माझं व्याख्यान संपलं. आणि मुंगीला वर बोलावून मी खाली तिच्या खुर्चीवर जाऊन बसले.

मुंगीचा आवाज बारीक. तिनं माइक जवळ ओढला आणि काही प्रस्तावना न करता वाचायला लागली. आधी मुलगी काय सांगते ते, मग डॉक्टरानं काय लिहिलं ते.

"मोठा पूर आला तेव्हा आईच्या कडेवर होते. सोळा."

"बारा. आईनं भिंतीवर रेघा काढल्यात, घरी जाऊन मोजा. सोळा."

"धाकट्या भावाला उचलते, पण विहिरीपर्यंत नाही. सोळा."

"बहीण दहाची. मी तिच्याहून लहान. सोळा."

  मुंगी एकेक पान उलटत होती. दोनशे चौदाव्या मुलीपाशी ती थांबली, तिनं माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं की मी ते अजून वाचलेलं नाही. मी मान हलवली.

"किती ते ठाऊक नाही," तिनं वाचलं. "पण सोळा नाही."

त्यापुढचा डॉक्टराचा आकडा तिला वाचवेना. तिनं कागद खाली केला आणि विचारलं, बाई, इथं थांबू का. मी म्हटलं, नको, सगळ्या वाच. अजून त्र्याण्णव उरल्या होत्या. किती लोक बसून राहिले, कोण उठून गेलं, मला सांगता येणार नाही. मी ऐकत होते.